ढेप वजा केली काय?

सर,

आज सकाळी माझं एक उत्तर चुकलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, मग काय झालं? म्हणून तुम्हाला लिहितेय.

कॉलेजातून निवृत्त झाले तरी दर रविवारी मी कॉस्टिंगचं एक गणित सोडवते. अमरावतीच्या या घरात मी एकटीच असते, टेबल रिकामंच असतं. सोडवलेल्या कागदाचा फोटो काढून जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकते आणि खाली लिहिते, ‘सोडवा आणि माझ्याशी जुळवा.’ पोरं अंगठा पाठवतात, कुणी हात जोडलेलं चित्र पाठवतं. गणित मात्र सहसा कुणी सोडवत नाही. त्यांना हवं ते सगळं फोनवर आयतं सोडवून मिळतं. मला त्यांचा राग येतो, मग वाटतं, आपल्याला तरी काय मोठं काम आहे म्हणून आपण सोडवत बसतो!

तुमचा क्लास अकोल्याला, जुन्या शहरातल्या घराच्या पुढच्या खोलीत भरायचा. सतरंजीवर आम्ही, भिंतीला टेकून तुम्ही. पुस्तकात असायचं, ‘क्ष या वस्तूचा उत्पादन खर्च काढा.’ तुम्ही आम्हाला तो क्ष खोडायला लावायचा. “क्ष कोनं पायला? सरकी पायली ना? मंग सरकी लिवा.” कापसातली सरकी गाळली की तेल निघतं आणि मागे ढेप उरते. ती गुरांसाठी विकली जाते, तेव्हा ढेपेचे पैसे आधी खर्चातून वजा करायचे आणि मगच तेल किती रुपयांना पडलं ते सांगायचं. मी उभी राहून ठसक्यात उत्तर वाचते. तुम्ही माझ्या वहीकडे बघतही नाही. “ढेप म्हशीनं फुकट खाल्ली काय वं?” अख्खी खोली हसते. मी रडकुंडीला येते, आणि तुम्ही आतल्या दाराकडे तोंड करून काकूंना सांगता, “हिले पानी दे वं, रडून राहिली पोरगी.”

तुमच्याकडे तयार उत्तरं कधीच नसायची. तेच गणित दरवर्षी तुम्ही आमच्याबरोबर नव्याने सोडवायला बसायचा. मग एकाने आपलं उत्तर वाचायचं, तुम्ही तुमचं. दोन्ही जुळली तरच बेरजेखाली दुहेरी रेघ मारायची आणि घरी जायचं. “एकट्याचं उत्तर मी धरत नाही,” असं म्हणायचा. नाही जुळलं तर पहिला प्रश्न ठरलेला, “फरकाले नवानं भाग जाते काय पाय.” भाग गेला की समजायचं, कुठेतरी आकडे उलटे पडलेत, चौपन्नचे पंचेचाळीस झालेत. मला ती जादूच वाटायची. पुढे मी शिकवायला लागले तेव्हा माझ्या पोरांपुढे तीच जादू मी स्वतःची म्हणून मिरवली.

मग काकू गेल्या, क्लास बंद झाला आणि तुमचे फोन सुरू झाले. “एक गनित जुळून नाही राहिलं वं. कोनाशी जुळवू? येतं काय?” मी रविवारची बस धरून मूर्तिजापूरवरून अकोल्याला यायची. तुम्ही स्वतः चहा करायचा, साखर अशी की ओठ चिकटावेत. मी कागद बघायची आणि दोन मिनिटांत चूक हाताला लागायची. ढेप वजा केलेली नसायची. तुम्ही, आणि ढेप विसरलात! मी विचारायची, “सर, तब्येत बरी आहे ना?” तुम्ही हसायचा. “पाहून राहिलो होतो, तुले सापडते काय.” आणि बशीत चहा ओतायला लागायचा.

तेव्हा परतीच्या बसमध्ये मला वाटायचं, सर थकले. तुम्ही गेल्यावर, आणि माझंही घर असं रिकामं झाल्यावर कळलं की ती चूक तुम्ही मुद्दाम ठेवत होता. माणूस यावं म्हणून. कळलं आणि मीही तेच करायला लागले. प्रत्येक गणितात एक चूक ठेवते, बहुतेक वेळा ढेपेचीच. ती ग्रुपमधल्या फक्त एका मुलीला सापडते. ती चांदूर बाजारला एका कर सल्लागाराकडे काम करते. दुपारच्या आत तिचा फोन येतो, “मॅडम, जुळून नाही राहिलं.” चूक सांगून झाली की मग तिच्या आईचे गुडघे, संत्र्याचा भाव, साहेबाची चिडचिड असं बोलणं लांबत जातं. तो फोन ठेवला की माझा आठवडा संपतो आणि दुसरा सुरू होतो.

आजही फोन आला. “मॅडम, ढेप वजा नाही केली तुमी.” मी म्हटलं, शाब्बास. खुर्ची ओढून बसले, आता तिच्या आईचं विचारायचं म्हणून.

“आनखी एक चूक हाय, मॅडम.”

दुसरी चूक मी ठेवलीच नव्हती.

“ढेप वजा करूनही फरक राहिला. नवानं भाग गेला, म्हनून मांगं मांगं पायत गेली. मजुरी चौपन्न हजार हाय, तुमी पंचेचाळीस घेतली.”

मी कागद काढला. अक्षर माझंच. चष्मा नवा आहे, खिडकीतून भरपूर ऊन येत होतं आणि मी दोनदा तपासलं होतं. मला भीती वाटली, सर. पलीकडून ती म्हणाली, “मॅडम, तब्येत बरी हाय ना?”

तेव्हापासून मी तुमचाच विचार करतेय. तुमच्या चुकांतल्या कोणत्या ठेवलेल्या होत्या आणि कोणत्या खरंच झालेल्या? सुरुवातीच्या मुद्दाम असतील. शेवटच्या वर्षीच्या? हसणं तर दर वेळी तेच होतं, वाक्यही तेच. मी तुम्हाला सरळ विचारलं असतं तरी तुम्ही चहा ओतत राहिला असता.

पुढच्या रविवारी ती मुलगी इथे येणार आहे. तिनेच विचारलं, “येऊ काय मी? समोरासमोर बसून जुळवू.” मी लगेच हो म्हटलं. साखर आहे का डब्यात, तेही उठून पाहून आले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. त्या दोन चुकांचं तिला मी काय सांगितलं माहीत आहे? म्हटलं, पाहत होते, तुला सापडतात का. दोन्ही.