फिटनेसच्या आदल्या दिवशी

बुधवार, १२ नोव्हेंबर, संध्याकाळ

फुटाळ्याच्या चढावर यांनी मला गाडी शिकवली, तेव्हा आमची लेक अस्मिता मागे बसून टाळ्या वाजवायची. गाडी बंद पडली की हे म्हणायचे, "अवं, क्लच हळू सोड, पळून नाही जाऊन राहिला तो!"

उद्या त्याच गाडीची फिटनेस तपासणी. आता मशीन पाहतं, साहेब नाही. नापास झाली तर भंगारात देऊ, असं यांनीच ठरवलंय. पास होणारच, या खात्रीनं.

काल सलीम मेकॅनिक म्हणाला, "काकू, निळा धूर मारून राहिली, अशीच नेली तर नापास होते. एका दिवसात काम करून देतो." मी नको म्हटलं.

"काहून? काकांचा जीव आहे तिच्यात!"

काय सांगू? मागच्या आठवड्यात धरमपेठेत यांना समोरची सायकलवाली मुलगी दिसलीच नाही. मी ओरडले म्हणून ब्रेक लागला. डॉक्टर, अस्मिता, मी, सगळे सांगून थकलो. हे चष्मा पुसतात आणि किल्ली उचलतात.

आत्ता हे खाली शीळ घालत गाडी धुताहेत. तो निळा धूर माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, गप्प राहणं हेही खोटंच. मी यांना फसवतेय का? हो. पण ती मुलगी...

गाडी गेली तर तिच्यातल्या जुन्या गाण्यांच्या कॅसेट अस्मिताला. जॅक आणि पाने सलीमला. मागची उशी हुडकेश्वरच्या वन्संना, त्यांनीच शिवली होती. माझ्याकडची दुसरी किल्ली यांना, आणि ती हातात देतानाच धुराचं खरं सांगायचं.