दगडाखालची हिरवळ

४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

एवढं शिकून दिवसभर शेवाळं काय सांभाळतेस, असं विचारलंत. मामा, तुमची अख्खी रोपवाटिका या शेवाळ्याच्या जिवावर उभी आहे. अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच याच्या पूर्वजांना उन्हाच्या जोरावर पाणी फोडून, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची साखर करणं जमलं होतं. उरलेला ऑक्सिजन ते कचरा म्हणून टाकत. पुढे त्यांतल्या एकाला दुसऱ्या पेशीनं गिळलं, पण पचवलं नाही. तुमच्या पानांतले हिरवे कण त्याचेच वंशज.

माझं वाण एका दुधी गारगोटीच्या खालून खरवडून आणलंय. पाचांपैकी चार बाटल्या पांढऱ्या पडल्या. महिनाअखेर पाचवी हिरवी झाली नाही तर काम बंद, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी बजावलंय. मी हटणार नाही. आजच तिसरा दिवा लावलाय.

मामींना नमस्कार.
तुमची खारूताई


११ मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

म्हणजे मी तीस वर्षं कुणाच्या तरी अजीर्णावर पोट भरतोय. मामीला सांगितलं, तर ती जेवताना हसत सुटली.

आता ऐक. धंद्याच्या पहिल्या वर्षी मी मायेपोटी सावलीतली दोनशे रोपं एकदम उन्हात मांडली. आठवड्यात पानं पांढरी. तेव्हापासून उन्हाळ्याआधी काचघराला चुना फासतो. तू दगडाखालचा जीव उचललास, दगड तिथेच ठेवलास आणि डोक्यावर तीन दिवे लावलेस. अति तिथं माती. दोन दिवे काढ, बाटलीला पातळ कागद गुंडाळ.

तुझी खोली झाडून ठेवलीय, पण सुट्टीलाच ये, हरून येऊ नकोस.
तुझा मामा


३० मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून स्वतःचाच राग आला. खर्च करता येत नाही इतका प्रकाश मिळाला की तो आतली यंत्रणाच मोडतो, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. ती दुधी गारगोटी ऊन गाळूनच खाली सोडायची.

दोन दिवे लगेच काढले, पण इथले सगळे कागद जाड. म्हणून तुमचं पत्रच गुंडाळलं. बारा दिवस काहीच नाही. मग तळाशी नखाएवढा हिरवा डाग दिसला, आणि काल अख्खी बाटली हिरवी. मी रडले, सांगायला लाज कसली. बाईंनी बाटलीभोवती फिरून तुमचं पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि काम चालू ठेवायला सांगितलं.

आज नव्या चार बाटल्या भरल्या. तेव्हा या खेपेला चार पानं तरी लिहा, त्याच पातळ कागदावर. लोभ आहेच, कागद वाढवावा.

तुमची खारूताई