बाकाखालची बॅटरी

१ मार्च
रविवारी सकाळी हे स्कूटरच्या बॅटरीत पाणी घालायचे आणि मी नरसाळं धरायची. सांडलं की बोलणी मला. आज या फिरत्या घरातला बाक उचलून खालची बॅटरी पाहिली आणि ते आठवलं. जावईबापूंनी जुनं, स्वस्तात मिळालेलं हे घर गाडीमागे ओढत आणून तळ्याकाठी लावून दिलं. दिवे, पंखा, पाण्याचा पंप सगळं या एका बॅटरीवर. छपरावरचा सोलर ती भरतो म्हणे. आजूबाजूची घरं रिकामी, पण मला शांतता आवडते. चिमणी, माझी नात, सुट्टीला येणार. झोपायला तिला बाकच हवा.

४ मार्च
लख्ख ऊन, तरी बॅटरीचा काटा तळाशी. सोलरच्या काचा पुसल्या, वायरी घासून पुन्हा आवळल्या. ढिम्म. वैतागून दुपारी बाकावर आडवी झाले. उठले तर काटा निम्म्यावर. अंग मात्र मोडून आलेलं.

७ मार्च
वायरमन येऊन गेला. बॅटरी ठणठणीत म्हणाला, पण सोलरची तार पार कुजलेली, कधीचीच तुटलेली.
"मग काकू, ही भरली कशी?"
मला काय विचारता, म्हटलं, मी तर झोपले होते.
नवी तार घेऊन पुढच्या आठवड्यात येणार म्हणे.

९ मार्च
जमिनीवर झोपले, काटा तळाशीच. बाकावर डोळा लागला, काटा वर. बांगड्या हातातून आपोआप गळतात. इतका संताप येतो, पण कुणावर काढू?

११ मार्च
फोन बंद पडलाय. चिमणीला आणू नका, एवढंच सांगायचंय. चालत फाटकापर्यंत निघाले, पायरीवरच गुडघे गेले. फोन चार्ज करायचा तर बॅटरी हवी. बॅटरी हवी तर—
झोपते. थोडंच.

१२ मार्च
फोन लागला. आवाजच फुटेना. लेक म्हणाली, आई, ऐकू येत नाहीये, उद्या सकाळी पोचतोच. वायर सोडवायला पाना घेतला, फिरवायला बळ नाही.

बाकावरून उठता येत नाही. काटा चढतोय, मी जागी आहे तरी—
वही दाराकडे फेकेन.
लोकरीची शाल ताईला. मोत्यांच्या कुड्या चिमणीला, मोठी झाल्यावर. पुस्तकं लेकीला. हे घर कुणालाही नको, विकूही नका. चिमणीला आत पाठवू नका, बाकावर तिला बसू—