धुळ्याच्या प्रतीतले आबा

४ ऑगस्ट, धुळे
घोर अन्याय! पारोळ्याच्या सभेची माझी जुनी बातमी हापिसच्या मशीनवर उघडली, तर फोटोच्या कोपऱ्यात माझा अंगठा. कापू गेलो, 'परवानगी नाही'. दैनिकाचा मूळ संग्रह जळगावला, सुलभाताईंकडे. त्यांना फोन.
"भाऊ, धुळ्याची प्रत फक्त वाचायची. दुरुस्ती इथं होते, मग तुमच्याकडे उतरते. आमचं मशीन बसलं तरी तुमचं वाचन चालू, सगळ्यांचा भार एकावर नाही, आणि तुमच्यासारख्यांचे हात लागत नाहीत."
लहानपणी वेदपाठशाळेत गुरुजींचंही हेच: म्हणा, सुधारू नका.

५ ऑ.
त्याच सभेचा फोटो हवाय सिंधूअक्कांना. त्यांचे यजमान रामदास आबा वाळूउपशाविरुद्ध बोलायचे. उन्हाळ्यात सायकलवर गेले ते परतलेच नाहीत. "मना जोडे त्यास्ना येक बी फोटू नही, भाऊ." घरात त्यांचा एकही नाही.
सु.ताईंना म्हटलं, मोठा करून पाठवा. आबा डावीकडून दुसरे, पांढरी टोपी.
"डावीकडून दुसऱ्या जागी भिंत आहे."
"थट्टा पुरे. माझा अंगठा आहे?"
"आहे की."
माझ्या पडद्यावर आबा उभे. टोपी किंचित तिरकी.

६ ऑ.
जळगावहून दुरुस्त्या उतरवणारी लाइन तुटलेली, त्यामुळे धुळ्याची प्रत पंधरवडाभर जुनीच. म्हणजे मधल्या काळात जळगावात कुणीतरी... सु.ताई म्हणतात, दुरुस्तीची नोंदच नाही. आवाज बारीक. "सोडा ना, भाऊ."
लाइन उद्या जोडणार. मग इथंही भिंत. प्रत इमानी, खोटंही इमानानं उतरवून घेते.
छापून ठेवू? पण कागदावर आला की माझा हात लागला. 'भाऊनं बनवला' म्हणतील. मशीनमधल्या आबांना वजन होतं ते मला तिथं काही बदलता येत नव्हतं म्हणून.
तरी छापला.

७ ऑ.
लाइन आली. चहा संपेतो आबांच्या जागी भिंत. साधी, चुन्याची. सावलीसुद्धा बरोबर पडलेली.
कागद अक्कांना दिला. बराच वेळ टोपीवरून बोट फिरवत राहिल्या. "पोलिसस्ले दाखाडसू. तुम्ही सांगशात ना, ह्या तठे उभा व्हतात?"
हो म्हणालो, पोलिसांना सांगेन, आबा तिथं उभे होते.
पण फोटो काढला मी, तेव्हा आठवायला मलाच हवं. दुपारपासून डोळे मिटून ती सभा समोर आणतोय. ऊन येतं, माणसं येतात, भोंगा येतो. डावीकडून दुसऱ्या जागी मात्र भिंत दिसते. आबांना तिथं पाहिलं होतं, असं शपथेवर सांगता येईल की नाही, मला माहीत नाही. भीती वाटते ती ह्याचीच.