डाव्या मुलीचे केस कुणी विस्कटले?

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा वाकलो असं समजून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला थांबला का, की अजूनही कुणी काम सांगितलं की तेवढ्यापुरता येतो? इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे घरात माझ्याशी कुणी सरळ बोलत नाही, एवढं सोडलं तर.

झालं असं, की आमच्याकडे जेवणाच्या वेळी एक मालिका लागते. (तुमच्याकडेही लागत असणार, उगाच नाही म्हणू नकोस.) तिच्यातली नायिका शाळेत शिकवते, गुणी आहे, सोशिक आहे आणि चष्मा लावते. ही तिन्ही दुखणी एकत्रच येतात असं मालिकावाल्यांचं मत दिसतं. कित्येक दिवस तिच्याकडे कुणी ढुंकून बघेना. मग एकदा कारखानदाराचा मुलगा तिच्यावर आदळला, चष्मा पडून फुटला, आणि तो म्हणाला, "तुमचे डोळे इतके सुंदर आहेत?" संपलं! तेव्हापासून बाई बिनचष्म्याच्या. गाडी चालवतात, सुईत दोरा ओवतात, कोर्टाचे कागद वाचतात. अगं, नंबर गेला कुठे? इतकी वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय मी, प्रेमात पडून नंबर उतरलेलं एक गिऱ्हाईक दाखव. आणि मुळात तो चष्माच खोटा! नंबराच्या काचेतून डोळे एक तर बारीक दिसतात, नाहीतर मोठे; हिचे होते तेवढेच टपोरे. म्हणजे साधी काच. आणि चष्मा फुटल्याफुटल्या जाहिरात कसली लागली असेल? डोळ्यांत घालायच्या लेन्सची.

मी हसून सोडून दिलं. आमच्या चिमणीने नाही सोडलं. (ती आता आठवीत आहे, पण नाव काही मोठं होत नाही.) दुसऱ्या दिवशी तिने चष्मा दप्तराच्या तळाशी घातला, आणि शाळा सुटल्यावर फाटकाशी उभ्या असलेल्या स्कूटरवर मागे जाऊन बसली. स्कूटर माझी नव्हती. गृहस्थ बिचारे भले. आपलंच पोर बसलं म्हणून निघाले, पुढच्या चौकात मान वळवली आणि दचकून म्हणाले, "बाळ, तू कुणाची?" मागून मी हॉर्न वाजवत येतोच आहे. घरी येऊन मी पोट धरून हसलो, मग पाणी प्यायलो, आणि मग शाळेसमोरचा मोठा रस्ता आठवला. तो तिला रोज सकाळी एकटीला ओलांडावा लागतो, ताई. ट्रक काही "बाळ, तू कुणाची" असं विचारत नाही.

रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं. "नाही लावणार," एवढंच उत्तर. तेव्हा म्हटलं, मुळावरच घाव घालू. रिमोट ताब्यात घेतला आणि दर प्रसंगाला मालिका थांबवून प्रश्न विचारायला लागलो: हे कोण सांगतंय, कुणाला सांगतंय, आणि यात काय विकायचंय? अर्ध्या तासाची मालिका संपता संपेना. तुझी भावजय म्हणाली, "घास घास हातात धरून चौकशी करत कुणी जेवतं का?" सासूबाई मात्र (सध्या इथेच असतात, कधीपर्यंत, हे विचारायचं नसतं) पहिल्या नंबराने पास झाल्या. मालिकेतली थोरली सून रडताना फोनची पाठ आपल्याकडे का करते? कंपनीची खूण दिसावी म्हणून, हे त्यांनी ओळखलं. त्यानंतर मी एकदा तुझ्या भावजयीच्या भाजीचं कौतुक केलं, तर म्हणतात कशा, "यात जावईबापूंना काय विकायचंय?" (मला पत्ते खेळायला जायचं होतं, ती गोष्ट वेगळी.)

चिमणी सगळं कान देऊन ऐकत होती. मला वाटलं, पोर सुधारतंय. परवा ती दुकानात आली, मी एका गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवत होतो, आणि ती दारातल्या पाटीला नाक लावून उभी राहिली. ती लेन्सची पाटी तू पाहिली आहेस. डावीकडे चष्म्यातली उदास मुलगी, उजवीकडे तीच बिनचष्म्याची, हसरी, आणि खाली "चष्मा सोडा, चारचौघांत उठून दिसा!" ही ओळ माझीच. तेव्हा तूच शाबासकी दिली होतीस. चिमणी म्हणाली, "बाबा, हे कोण सांगतंय?" मी म्हटलं, नंतर बोलू. ती म्हणाली, "आणि डाव्या मुलीचे केस कुणी विस्कटले? चष्म्याने?" गिऱ्हाईक खो खो हसलं आणि काही न घेता गेलं. मग तिने शेवटचं विचारलं, "नंबराचा कागद वाचायला तुम्ही खिडकीपाशी का जाता?" मी म्हटलं, तिथे उजेड चांगला असतो. ती म्हणाली, "तुम्ही लावा, मग मी लावते."

शिकवावं कुणी आणि कुणाला! पाटी त्याच दिवशी उतरवली. टीव्ही तर केव्हाच बंद केला आहे. असो. भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. अण्णांची काळी जाड फ्रेम तुझ्या कपाटात आहे, तेवढी पाठव. दुकानातलीही लावता आली असती, पण मग लोक म्हणतात, वय झालं. वडिलांची लावली की म्हणतात, वडिलांवर केवढी माया!

ता. क. दुसरा. त्या नायिकेचं पुढे काय झालं? सहज विचारतोय.

ता. क. तिसरा (हा माझा). आत्या, बाबांनी पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं, कारण त्यांना पाकिटावरचा पत्ता नीट दिसेना. मी वाचलं. हे कोण सांगतंय: बाबा. कुणाला: तुला. काय विकायचंय: म्हातारा झालो नाही, हे. फ्रेम पाठवू नकोस. मी दुकानातली एक गोल निवडली आहे, ती लावून ते चांगले दिसतात. टीव्ही बंद नाही, आवाज बंद असतो. काल ते खाली येणाऱ्या बारीक ओळी वाचायला अगदी पडद्याजवळ बसले होते, म्हणून मीच माझा चष्मा शोधून काढला आणि त्या ओळी त्यांना वाचून दाखवल्या. अजून लावलेलाच आहे.

चिमणी