मागच्या चाकांचे ब्रेक

१२ जानेवारी १९४९
नव्या गाडीला चार महिने झाले नाहीत तोच मागच्या ब्रेकचे पट्टे पार झिजले. पुढचे मात्र कोरे. सांगलीच्या मोटार एजंटाचे पत्र: हातब्रेक मागच्याच चाकांना लागतो, तो ओढलेला ठेवून गाडी चालवली, ड्रायव्हरची हयगय, वॉरंटीत बसत नाही. दादा भडकला. "पाच वर्सं पलटणीचे ट्रक हाकले म्या! मला हातब्रेक शिकवतोय?" रागातही चार भाकरी खाल्ल्या, म्हणजे ठीक आहे.

१३ जानेवारी
घरात इंग्रजी मला एकटीलाच येते, म्हणून उत्तर मी लिहिले. 'हातब्रेक एकदाही ओढलेला नव्हता.' टपालात टाकल्यावर मनात आले, एकदाही? मी काय दर वेळी गाडीत होते? आई म्हणाली, "आदी तीळ निवड."

१६ जानेवारी
मिस्त्रीकडून तात्पुरते पट्टे बसवून शिरवळला, आक्काच्या सासरी तिळगूळ द्यायला. आबा पुढे दादाशेजारी बसतात, नेहमी मी त्यांच्या मागे. आज तिथे आईची टोपली, म्हणून दादाच्या मागे. खंबाटकी उतरू लागलो आणि पाहिले तर आबांचा हात मांडीवरच्या घोंगडीखालून हातब्रेकवर! हळूच दोन दाते वर ओढला.
"आवं आबा, हे काय?"
"मंग? येवडा उतार. गाडी अशी मोकळी सोडायची व्हय? बैलगाडीला बी धरावंच लागतं."
दादाने गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून हसत रस्त्यातच बसला. "म्हनून जळका वास! आन् मी इंजनाला शिव्या घालतोय!"
आई: "पलटनीचा ड्रायव्हर, आन् शेजारचा हात दिसंना."
हसून पोट दुखले. मग ते पत्र आठवले. माझ्या अक्षरातले.

१७ जानेवारी
दादा म्हणतो, गप ऱ्हा, पट्टे फुकट मिळतील. मी अर्ध्या ताटावरून उठले. आबांना कळले. "माज्यापायी पोरीचं लिवनं खोटं पडलं? चला सांगलीला."

१९ जानेवारी, सांगली
आबांनी स्वतःच सगळे सांगितले, टेबलावरची छत्री ओढून दाखवत. तिथला मिस्त्री हसायला बाहेर पळाला. एजंट गंभीर राहू पाहत होता, जमेना. मी वॉरंटीचा कागद पुढे ठेवला. "यात ड्रायव्हरची हयगय लिहिली आहे. आबा ड्रायव्हर नाहीत. आणि हयगय तर मुळीच नाही, काळजीच जास्त झाली." एका दमात पुरते बोलले.
त्याने चष्मा पुसला. "ताई, हे मुंबईच्या कंपनीला लिहून द्या. असला अर्ज मी अजून पाठवलेला नाही."
तिथेच बसून लिहिला. आधीच्या पत्रातले वाक्य चुकीचे होते, हेही. त्याने एक शब्द न खोडता शिक्का मारला. इतके हलके वाटले!
दादाने विचारले, "काय म्हंतील वो?"
"हसतील, हे नक्की," एजंट म्हणाला. "पुढचं मला सांगता यायचं नाही."