आधी पाय, मग तोंड

ती. बाबांना नमस्कार,

आम्ही सगळे ठणठणीत आहोत. धाकट्याचा खोकलाही गेला. आईला नव्या चष्म्याने नीट दिसतं ना?

रविवारी पोरांना जनावरांचं प्रदर्शन दाखवायला नेलं. धाकटा मेंढ्यांना घाबरून ह्यांच्या खांद्यावरून उतरेचना. थोरली मात्र तुमची नात शोभते. पहिल्या नंबरच्या गाईचे सगळे फोटो काढत होते आणि ही उकिडवी बसून खूर बघत होती. तुम्हीच शिकवलंय ना तिला, जनावराचे आधी पाय बघायचे, मग तोंड?

"ही मागचा उजवा पाय टेकवत नाही," ती मालकाला म्हणाली. मी तिला गप्प करणार, तेवढ्यात त्याने गाईचा पाय उचलून पाहिला. खुरात खडा रुतला होता. त्याने हिच्या हातून गाईला चारा घालू दिला. तेव्हापासून बाईसाहेब हवेत आहेत.

घरी येताना म्हणाली, "आजोबापण व्हिडिओ कॉलवर असेच उभे असतात. डावा पाय टेकवत नाहीत."

फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र. बाबा, मला फसवाल, तिला नाही. उद्याच डॉक्टरांकडे जा, आणि ते काय म्हणाले ते तिलाच सांगा.

तुमची लेक